पाळीचं पाणी

अल-खोबर,
१५ जानेवारी २०२४, संक्रांत

शालूस,

थोरल्या जावेचा आशीर्वाद. नमस्कार तुझ्याकडून आला असं धरून चालते.

फोन असताना पत्र कशाला, असं गिरीशनं विचारलं. त्याला म्हटलं, फोनवर मला फक्त 'हॅलो' ऐकू येतं आणि शालूला फक्त स्वतःचं बोलणं. शिवाय तू चौथी पास. तुला लिहायला मिळालं की बरं वाटतं. तर मी सांगते, क्षमा लिहिते, आणि फोटो काढून तुझ्या लेकाच्या, स्वानंदच्या फोनवर पाठवते. तुझं पत्र आलं की ती माझ्या कानाशी बसून वाचून दाखवणार. दिवसभर हॉस्पिटलात पेशंट तपासून ती दमलेली असते, म्हणजे माझ्याशी फार वाद घालणार नाही. सून म्हणून वाईट नाही. आमटी पातळ करते. (आईंनी सांगितलं तसंच लिहिते आहे. — क्षमा)

विमान उतरताना खाली पाहिलं. वाटलं, कुणीतरी भलंमोठं अंगण सारवायला काढलं, शेण आणायला गेलं आणि परत आलंच नाही. सगळं पिवळं. मग समुद्र दिसला, म्हटलं चला, ओळखीचं कुणीतरी आहे. पण जवळ जाऊन पाहिलं तर हा समुद्र परातीत ओतून ठेवल्यासारखा बसलेला. लाट नाही, गाज नाही. किनाऱ्यावर फरश्या, दिवे, बाकडी. सगळा गाव संध्याकाळी तिथं फिरतो आणि समुद्राकडे कुणी बघत नाही.

याच समुद्राचं मीठ काढून ते पाणी नळाला सोडतात. त्या कारखान्यात गिरीश कामाला. तुला आठवत असेल, माझ्या माहेरी मिठागर होतं. माझे वडील मीठ ठेवायचे आणि पाणी उडून जाऊ द्यायचे. नातू पाणी ठेवतो आणि मीठ टाकून देतो. त्याला पगार जास्त आहे.

नळ चोवीस तास. नदी मात्र नाही. गावात नाही असं नव्हे, सगळ्या सौदीत बारमाही नदी एकही नाही. निमिषला शाळेत शिकवलंय. 'आजी, झीरो रिव्हर्स' म्हणाला. विचारलं, मग भूगोलाच्या पेपरात काय लिहिता? तर म्हणाला, 'टाइप्स ऑफ सँड.' परवा इथं पाऊस झाला. तू वाळत घातलेले कपडे काढायला उठली असतीस आणि दारातून परत फिरली असतीस, एवढा. त्याला शाळेची सुट्टी मिळाली.

विहिरीचं लिही. एक दिवस तुझी पाळी, एक दिवस माझी, असं सासूबाईंनी लावून दिलं ते त्यांच्या माघारीही चाललंय. मी इथं आहे तोवर माझ्या पाळीला माझ्या आगराला शिंपणं तू करायचंस असं ठरलं आहे. सगळं पाणी स्वतःच्या माडांना घालू नकोस. मी इथून ओळखीन.

दमयंती

*

वरचीवाडी, ता. गुहागर,
२९ जानेवारी २०२४

ती. वहिनींस नमस्कार. धरून चालायची गरज नाही, करते आहे.

पत्र पोचलं. स्वानंदनं फोनवर मोठं करून दाखवलं. क्षमाचं अक्षर डॉक्टरचं असूनही लागतं. तिला सांगा, आमटीकडे लक्ष देऊ नकोस. वहिनींची स्वतःची आमटी उभ्या वाडीला पाठ आहे, त्यात डाळ शोधायला कंदील लागायचा.

तुमची झाडं जिवंत आहेत. तुमच्या पाळीला तुमच्याच पोफळींना पाणी घालते. दोन पोफळी माझ्याकडे पाहून वाळल्या, त्याला माझा इलाज नाही. नारळ मात्र तुमच्यासारखे आहेत, वरून टणक आणि आत पाणी फार.

स्वानंदचं एक काम आहे. टेकडीवर मोठं हॉटेल होतं आहे. खोल्या बांधून झाल्या, नळ बसवून झाले, पाणी कुठून आणायचं ते आता बघताहेत. स्वानंद म्हणतो, विहिरीच्या शेजारी खोल बोअर मारू आणि उन्हाळाभर त्यांना टँकर देऊ. सुपारीत आता काही राहिलं नाही हे तुम्हाला माहीतच आहे. जमीन सामाईक, म्हणून तुमचा अंगठा लागतो. दूतावासाची माणसं तुमच्या खोबरला येतात, त्यांच्यासमोर कुलमुखत्यारपत्र केलं की झालं, असं तो म्हणतो.

हे जमलं नाही तर पुण्याला त्याच्या मित्राच्या गोदामात नोकरी आहे. तो तिकडे जाईल.

मला यातलं काय कळतंय. तुम्हाला योग्य वाटेल ते करा.

शालिनी

*

अल-खोबर,
१६ फेब्रुवारी २०२४

शालूस,

उत्तराला उशीर झाला कारण आम्ही गावाला गेलो होतो. इथं गावाला जाणं म्हणजे सकाळी निघायचं आणि दुपारपर्यंत खिडकीतून तेच बघायचं. मधून मधून उंट. उंटाच्या चेहऱ्यावर कायम, आपल्याला लग्नाचं आमंत्रण उशिरा आलं, असा भाव असतो. आपल्या मामंजींची आठवण झाली.

हफ्र अल बातिन म्हणून गाव आहे, वर उत्तरेला. तिथं गिरीशचा मित्र सुबोध सरकारी हॉस्पिटलात हाडांचा डॉक्टर आहे. इथल्या लोकांना थंडीत घर सोडून वाळवंटात तंबू ठोकून राहायची हौस. वर्षभर वाळूपासून दारं-खिडक्या बंद करून बसायचं आणि थंडी पडली की सतरंजी घेऊन तिच्यातच जाऊन बसायचं. सुबोधनंही तंबू आणला होता. जागा मी पसंत केली. सपाट, दोन्ही बाजूंना उंचवटा, वारा नाही, चार झुडपं हिरवी. कोकणातलं माणूस हिरवं बघून बसणारच. तंबू ठोकून झाला, चहा झाला, आणि गाडीतून एक स्थानिक गृहस्थ आले, हात हलवून 'यल्ला, यल्ला' करायला लागले. मला वाटलं, त्यांची जागा असेल. सुबोधनं विचारलं तर ते म्हणाले, ही नदी आहे.

मी नदीत बसले होते. नदीला नाव आहे, काठ आहे, नकाशात तिची रेघ आहे. फक्त पाणी नाही. पण लांब कुठं पाऊस झाला की ते न सांगता येतं आणि गाडीसकट नेतं म्हणे. आम्ही उठलो. त्या रात्री काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सुबोध म्हणाला, आलं असतं तर. एवढ्यावर तंबू दोनदा ठोकला.

तिथं वाळूतून एक कंद काढून विकत होते, बटाट्यासारखा. ढग गडगडले की उगवतो म्हणाले, आपल्या अळंब्यांसारखा. सुबोधनं भाव विचारला आणि गाडी पुढे घेतली.

बोअरचं गिरीशला विचारलं. तो म्हणाला, 'आई, खाडीच्या इतक्या जवळ खोल गेलं आणि उपसत राहिलं की खारं पाणी वर येऊ शकतं. येईलच असं नाही. विहिरीचं पाणी खाली जाऊ शकतं. जाईलच असं नाही.' इंजिनीअर झाल्यापासून तो असाच बोलतो. त्याला विचारलं, मग अंगठा देऊ का? तर म्हणाला, 'तू ठरव.' हे मात्र स्पष्ट बोलला.

अंगठ्याचं जरा थांबावं लागेल. चहाच्या भांड्यावर पोळला आहे. (तपासला. पोळलेला नाही. — क्षमा)

दमयंती

*

वरचीवाडी,
४ मार्च २०२४

आदरणीय वहिनी,

आपले पत्र मिळाले. आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे.

नियोजित बोअरवेलमुळे दोन्ही कुटुंबांना कायमस्वरूपी उत्पन्नाचे साधन उपलब्ध होणार आहे. पाण्याची पातळी तपासण्यासाठी तज्ज्ञ येऊन गेले असून त्यांनी मुबलक पाणी असल्याचे सांगितले आहे. हॉटेलचे मालक अधिक काळ थांबू शकत नाहीत. तरी आपण लवकरात लवकर दूतावासाच्या प्रतिनिधींसमोर उपस्थित राहून आवश्यक ती कार्यवाही करावी, ही नम्र विनंती.

आपल्या सहकार्याबद्दल आम्ही सर्व आपले ऋणी राहू.

आपली विश्वासू,
शालिनी

*

अल-खोबर,
२२ मार्च २०२४

शालू,

तुझं पत्र क्षमानं वाचलं. मी पुन्हा वाचायला लावलं. म्हटलं, मधलं पान राहिलं का? नाही म्हणाली, एवढंच आहे.

पत्रात माझी निंदा एकदाही नाही. लग्न होऊन तू आलीस त्या दिवसापासून माझ्याशी इतकं सभ्य बोललेली नाहीस. सत्यनारायणालासुद्धा नाही. तेव्हा हात तुझा आणि तोंड स्वानंदचं, हे कळायला मला शाळेत जावं लागलं नाही. गंमत बघ. अंगठाबहाद्दर मी, पण माझ्या पत्रात बोलणं माझं असतं. तू शिकलेली, आणि तुला सांगणारा दुसरा.

बरं, ते राहू दे. परवा कुठं गेले होते ते ऐक.

क्षमाच्या हॉस्पिटलात सहर म्हणून नर्स आहे. इथलीच, होफुफ गावची. सध्या यांचे रोजे चालू आहेत. रोजा सोडायला तिनं आम्हाला वडिलांच्या बागेत बोलावलं. रस्ताभर वाळू. एके ठिकाणी ती रस्त्यावर आली होती आणि यंत्र लावून तिला बाजूला सारत होते. वारा सुटला की ती पुन्हा येते, की पुन्हा सारतात. दोघांपैकी कुणी कंटाळलेलं दिसलं नाही.

मग एकाएकी खजूर. अगं, बघावं तिकडे खजूर, थेट नजर संपेपर्यंत. आत शिरले आणि मला वाटलं आपल्या आगरात आले. वर माड नाही, खजूर. खाली पोफळ नाही, लिंबं आणि डाळिंबं. मधून पाट. गार सावली, ओल्या मातीचा वास. मला राहवेना. चप्पल काढली आणि पाटात पाय सोडून बसले. क्षमा ओरडली. (ते शुद्ध केलेलं सांडपाणी होतं. — क्षमा) बसल्यावर सांगितलं तिनं.

तर मी विचारलं, चांगलं पाणी कुठं गेलं? सहरची आजी होती, माझ्याच वयाची असेल, पण चालायला माझ्यापेक्षा तरतरीत. तिला माझं कळेना, मला तिचं. तिचं सहरनं क्षमाला इंग्रजीत सांगायचं आणि क्षमानं मला आपल्या भाषेत, असं चाललं होतं. मधे काही गळत असेल. ती मला हाताला धरून बागेच्या कडेला घेऊन गेली. दगडी पायऱ्या, खाली मोठं कुंड. तळाला सुकी माती आणि एक मोडकी प्लॅस्टिकची खुर्ची.

झरा होता तो. तिच्या लहानपणी पाणी आपोआप वर यायचं, ऊन-ऊन. बायका धुणं धुवायच्या, पोरं डुंबायची. पुढे ते पाटानं बागांना जायचं. या बागेला सूर्य उगवल्यापासून, त्या बागेला दुपार कलल्यापासून. पाळी, शालू! कुठं तुझीमाझी विहीर, कुठं वाळवंट, आणि मधे तीच पाळी. मग पंप आले. वाट कशाला बघायची, ज्यानं त्यानं आपल्या बागेत बोअर पाडली. काही वर्षं सगळ्यांच्या बागा खूप छान झाल्या. झरा हळूहळू खाली गेला आणि एक दिवस वर आला नाही.

मी विचारलं, कुणी नेलं मग पाणी?

म्हातारी म्हणाली, 'कुणी नाही. सगळ्यांनी आपापलं घेतलं.'

क्षमाला वाटलं ती आता रडणार. म्हणून क्षमानं तिचा हात धरला. ती म्हणाली, चला, सूप गार होतंय.

आता पुढचं स्वानंदला. बाळा, हे तुझ्या फोनवर येतं, म्हणजे आईच्या आधी तू वाचणार. वाच. बोअरला अंगठा देत नाही. कारण विचारलंस तर मी म्हातारी आहे, खवट आहे, दुसऱ्याचं बरं झालेलं मला बघवत नाही. यातलं जे पटेल ते धर. तुझ्या आईनं पुष्कळ गळ घातली हे लक्षात ठेव. तिचा यात काही दोष नाही.

शालू, तुझी मान मोकळी केली आहे. आता निवांत झोप.

दमयंती

*

वरचीवाडी,
६ एप्रिल २०२४

वहिनी,

हे पत्र शेजारच्या सानिकाच्या फोनवरून पाठवते आहे. स्वानंदनं वाचू नये म्हणून.

माझी मान मोकळी करायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? तुमचं हे नेहमीचं. माझ्या डोहाळजेवणाला मला निळी साडी हवी होती. 'तिला हिरवीच हवी असणार, लाजतेय' असं तुम्ही सासूबाईंना सांगितलंत आणि सगळे फोटो हिरवे आले. मोठ्या मनाच्या तुम्ही, आणि हिरव्या साडीत मी.

तुम्हाला वाटलं स्वानंदनं मला धरून लिहवलं. उलट आहे. त्याला जेवणावरून उठवून 'तू सांग, मी लिहिते' असं म्हणणारी मी. मला स्वतःला लिहिता येईना म्हणून. 'अंगठा द्या' लिहायला घेतलं की विहीर समोर यायची. 'देऊ नका' लिहायला घेतलं की त्याची बॅग. दोन पानं फाडली. म्हटलं, त्याचं तो सांगू दे, माझं कुणाला कळायला नको.

तुम्ही ज्याला माझं मागणं नाही म्हणालात ते माझंच होतं, वहिनी. तो इथं राहावा हे मागणं. होफुफची म्हातारी ठीक आहे, पण तिची नात तिच्याजवळ आहे. तुमचा मुलगा सौदीत आणि तुम्ही त्याच्याजवळ. माझा गेला की या घरात मी आणि तुमची झाडं. मी तुमच्या माडांशी बोलू का? माझ्या माडांना राग येईल.

त्यानं तुमचं पत्र वाचलं. माळ्यावरून बॅग काढली, झटकली, चेन लागते का बघितलं. लागते. पाडवा झाला की जाणार म्हणतो.

तुमचं वाळवंट ऐकून घेतलं. आता मला काय करायचं ते सांगा. नुसतं नाही म्हणायला तिकडे बसून काही लागत नाही.

शालिनी

*

अल-खोबर,
८ एप्रिल २०२४

शालू,

क्षमानं तुझं पत्र वाचलं तेव्हा गिरीशही समोर होता. वाचून झाल्यावर तो टीव्ही लावायला उठला आणि परत बसला. मी काल जेवले नीट, पण चव लागली नाही. (आमटी घट्ट होती. — क्षमा)

मला कळलं नाही, हे खरं. साडीचंही तेव्हा कळलं नव्हतं, पण हिरवा तुला शोभला होता.

आता नीट ऐक. हे पत्र स्वानंदच्याच फोनवर पाठवते आहे आणि त्यानं ते तुला मोठ्यानं वाचून दाखवायचं आहे. पाडव्याची पुरणपोळी खाऊन मग काय ते ठरवावं.

बोअर नाही. ते गेलं. पण विहिरीवर माझी पाळी आहे ना? एक दिवस तुझा, एक दिवस माझा. माझ्या दिवसाचं पाणी मी स्वानंदला देते. पंप लावावा, टँकर भरावा, हॉटेलाला द्यावा. माझं आगर आठवड्यात एकदा भिजलं तरी पुरे. पोफळी वाळल्या तर वाळल्या. तशाही त्या शालूकडे बघून वाळतात. बोअरएवढं पाणी मिळणार नाही. हॉटेलवाल्याला ते आधीच सांगावं, म्हणजे तो दुसऱ्याचंही घेईल आणि ह्याच्यावर ओरडणार नाही.

एकच अट. विहिरीत उतरताना मधे जांभ्याची रुंद पायरी आहे, जिच्यावर कळशी ठेवून आपण सासूबाईंना नावं ठेवायचो, ती. पाणी त्या पायरीखाली गेलं की पंप बंद. पुन्हा वर येईपर्यंत बंद. टँकर दारात उभा असला तरी बंद, हॉटेलात वऱ्हाड उतरलेलं असलं तरी बंद.

पंपाच्या खोलीला कुलूप घालायचं आणि किल्ली शालूकडे. स्वानंदकडे नाही आणि माझ्याकडेही नाही. मी इतक्या लांबून 'नाही' म्हणणं सोपं, हे तू लिहिलंस ते मला लागलं. तेव्हा यापुढे 'नाही' तू म्हणायचंस. तुझ्या पोराला, तुझ्या तोंडानं. जमणार नसेल तर आत्ताच सांग, म्हणजे त्याला बसच्या वेळा बघायला बऱ्या.

दमयंती

*

अल-खोबर,
२८ एप्रिल २०२४

शालू,

तुझं उत्तर नाही. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी स्वानंदनं क्षमाच्या फोनवर अंगठ्याचं चित्र तेवढं पाठवलं. निमिष म्हणाला, याचा अर्थ हो. म्हटलं, अंगठा इतका स्वस्त झाला असेल तर मला दूतावासाच्या माणसांपुढे कशाला नेता? पण नेलंच.

ईद झाल्यावर ते आले होते. सकाळपासून रांग. सगळे आपले, कुणाचा पासपोर्ट संपलेला, कुणाचा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, अडकलेला, कुणाचं गावाकडे लग्न अडलेलं. माझ्यापुढचा माणूस आंध्राचा होता. त्यालाही जमिनीचंच काम होतं. त्याच्याशी मी हिंदीत बोलले आणि तो माझ्याशी हिंदीत बोलला. दोघांनी मान डोलावली.

टेबलामागच्या पोरानं विचारलं, 'माताजी, साइन?' म्हटलं, अंगठा. त्यानं यंत्रावर ठेवायला सांगितला. यंत्राला माझा अंगठा दिसेना. पुसून ठेवला, दाबून ठेवला, डावा ठेवला. यंत्र म्हणे, माणूस नाही. पोरगा म्हणाला, रेषा झिजल्यात. म्हटलं, राहाटाच्या दोराला विचारा. शेवटी जुन्या पद्धतीनं शाई लावून उठवला. कागदात गिरीशनं पायरी, पंप आणि किल्ली सगळं घालून घेतलं आहे. पोरगा ते वाचून म्हणाला, असा कागद पहिल्यांदाच बघतोय. मी म्हटलं, मीसुद्धा.

कागद कुरिअरनं निघाला आहे. इथं आता ऊन सुरू झालं. दुपारी बाहेर कुत्रंसुद्धा नसतं. वाऱ्याबरोबर वाळू येते ती पिठासारखी, खिडकी बंद असली तरी घरात. आज माझ्या पाणी प्यायच्या भांड्यात तळाला साय धरावी तशी बसली होती. क्षमानं ते ओतून दुसरं दिलं. म्हटलं, ओतलंस कशाला, वाळू खाली बसलीच होती. तिला ते पटलं नाही. तिला नळ बंद झालेला माहीत नाही.

लिही. निंदा कर, पण लिही.

दमयंती

*

वरचीवाडी,
२८ मे २०२४

ती. वहिनी,

लिहायला वेळ झाला नाही. काम आहे म्हणून नव्हे, लिहिण्यासारखं होईपर्यंत थांबले.

कागद मिळाला. पंप बसला. स्वानंद राहिला. बॅग पुन्हा माळ्यावर गेली, पण दरवाज्याच्या बाजूच्या माळ्यावर. तुमच्या पाळीला टँकर भरत होता. हॉटेलवाला कुरकुरायचा पण न्यायचा. तुमच्या पोफळी वाळताहेत, माझं काही म्हणणं नाही.

गेल्या आठवड्यात पाणी पायरीशी आलं. मी रोज डोकावत होते. चार दिवसांमागे सकाळी पायरी कोरडी पडली. टँकर अर्धा भरला होता. मी जाऊन पंप बंद केला, कुलूप घातलं.

स्वानंद आला. म्हणाला, 'आई, अर्ध्याचं काय करू? एवढा भरू दे.' म्हटलं, नाही. म्हणाला, 'काकूंनी सांगितलंय म्हणून?' तोंडाशी आलं होतं, हो, काकूंनीच. तुमचं नाव घेतलं असतं तर किती सोपं गेलं असतं. पण म्हटलं, 'नाही. मी सांगते म्हणून.' आवाज जरा चिरका निघाला. टँकरचा ड्रायव्हर इंजिनाकडे बघत उभा राहिला.

अर्धा टँकर तसाच गेला. स्वानंद दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. जेवायचा मात्र, आणि वाढून घ्यायचा तो हातानं दाखवून. मी पण हातानंच विचारायचे. भाजी संपली की दोघांना बोलावं लागेल असं वाटत होतं, पण ती पुरली.

हॉटेलला पाणी पुरेना. आमच्याकडून बंद, म्हणून त्यांनी खालच्या वाडीत कुणाच्या तरी जमिनीत बोअर मारायचं ठरवलं. आज पहाटे ती मोठी गाडी खडखडत चढावावरून खाली गेली. भांडी वाजली. मी ओट्याशी होते. स्वानंद दात घासत होता. तो तसाच ब्रश हातात घेऊन गेला.

मला वाटलं गाडी बघायला गेला. बराच वेळ आला नाही. मग सानिका धावत आली. सांगत होती, स्वानंदकाका बोअरच्या गाडीसमोर उभा आहे, बाजूला होत नाही, आणि म्हणतोय, इथं खोल गेलात तर आमच्या विहिरीचं पाणी जाईल. त्यांनी त्याला विचारलं म्हणे, काल-परवापर्यंत तूच बोअर मारणार होतास ना? तर म्हणाला, 'होतो. आता पायरी कोरडी पडलीय, येऊन बघा.' दोघं जण बघायला आले आमच्याकडे. चपला काढून विहिरीत उतरले. वर येऊन चपला घातल्या. परत खाली गेले.

गाडी अजून तिथंच आहे. स्वानंदही तिथंच आहे. त्यानं सकाळपासून चहासुद्धा घेतलेला नाही. डबा भरून ठेवला आहे, तो घेऊन मी खाली निघते आहे, म्हणून इथंच थांबते.

शालिनी